जखमेविना दाह : तापमानाचे भास आणि आभासी वास्तव

तापमान ही पदार्थाची अवस्था आहे आणि ऊन-गार लागणे ही मेंदूची जाणीव आहे; या दोहोंची सांगड सामान्यतः इतकी घट्ट असते की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच लक्षात येत नाही. ही सांगड मुद्दाम सोडवता येते, आणि ती एका विशिष्ट पद्धतीने सोडवली तर कोमट आणि गार अशा दोन निरुपद्रवी स्पर्शांतून हात पोळल्याची वेदना निर्माण होते, हे शरीरक्रियाविज्ञानाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. डोळ्यांवर चढवलेल्या पडद्यातून आणि कानांवरील ध्वनीतून संगणकाने उभे केलेले जग म्हणजे 'आभासी वास्तव'. हे जग घडवणाऱ्या संशोधकांचे लक्ष अलीकडे या जुन्या भासाकडे वळले आहे, कारण त्या जगात आग दिसते, तिचा तडतडाट ऐकू येतो, परंतु तिच्यात हात घातला तरी काहीच होत नाही; आणि ही उणीव भरून काढण्यासाठी माणसाच्या त्वचेजवळ खराखुरा विस्तव आणणे अर्थातच शक्य नाही.

तापमानाचा भास ही केवळ प्रयोगशाळेतील वस्तू नव्हे. इंदूरच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. हिवाळ्यात तेथे गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडींवर लिंबू पिळून जीरावन मसाला भुरभुरला जातो, त्यातील मिरची जिभेला झोंबते, आणि त्यावर उतारा म्हणून खाल्लेल्या पानातील पिपरमिंटाने तेच तोंड गारेगार होते. या अर्ध्या तासात तोंडाचे तापमान मोजले तर मिरचीने ते चढलेले किंवा पिपरमिंटाने उतरलेले आढळणार नाही. तरीही तोंड 'पोळले' आणि मग 'थंडावले' असेच सर्वजण म्हणतात. बोलीभाषेने तिखटाला विस्तवाचे आणि पिपरमिंटाला बर्फाचे शब्द दिले ते उगाच नव्हे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस रेण्वीय जीवशास्त्राने दाखवून दिले. चेतातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात, ज्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. त्यांपैकी 'टीआरपीव्ही१' ही वाहिनी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडते आणि मेंदूकडे 'चटका' असा संदेश धाडते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य नेमकी हीच वाहिनी थंड अवस्थेतही उघडते, ही गोष्ट डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये सिद्ध केली. पिपरमिंटातील मेंथॉल त्याच रीतीने गारव्याची 'टीआरपीएम८' ही वाहिनी उघडते, हे ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी २००२ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढले. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांच्या शोधासाठी विभागून मिळाले. कुलूप एकच असून त्याला उष्णता आणि मिरची अशा दोन किल्ल्या लागतात, आणि दार कोणत्या किल्लीने उघडले हे मेंदूला कळत नाही, असा याचा अर्थ आहे.

डोके दुखले की कपाळावर बाम चोळण्याची घरोघरची रीतही याच तत्त्वावर उभी आहे. अमृतांजनाचा व्यवसाय मुंबईत १८९३ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून आजतागायत अशा बामांतील मेंथॉल-कापरासारखी द्रव्ये गारवा आणि ऊब यांचा भास निर्माण करून मूळच्या ठणक्यावरून लक्ष काढून घेत आली आहेत. तापमानाच्या भासाने वेदना दडपता येते, एवढे त्या काळच्या वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, स्वीडनमधील उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ टॉर्स्टेन थुनबर्ग याने त्याच्या नेमकी उलट गोष्ट नोंदवली: तापमानाच्या भासाने वेदना निर्माणही करता येते.

थुनबर्गचा प्रयोग समजून घेण्यासाठी त्वचा तापमान कसे ओळखते हे आधी पाहिले पाहिजे. उप्सालातच १८८० च्या दशकात मॅग्नस ब्लिक्स याने त्वचेवर सूक्ष्म टोकाने स्पर्श करत जाऊन असे दाखवले होते की गारव्याचे बिंदू वेगळे आणि उबेचे बिंदू वेगळे असतात, म्हणजेच त्वचेत एकच एक तापमापक नसून दोन निरनिराळ्या प्रकारचे पहारेकरी असतात. गारव्याचे बिंदू संख्येने अधिक असतात, आणि त्यांचा संदेश प्रामुख्याने पातळ आवरण असलेल्या वेगवान तंतूंमधून जातो. उबेचा संदेश नेणारे आवरणरहित तंतू सेकंदाला सुमारे एक मीटर एवढ्याच गतीने काम करतात. शिवाय हे पहारेकरी निरपेक्ष अंश मोजत नाहीत. हाताच्या त्वचेचे तापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश असते आणि त्यापासून झालेला बदल ते मुख्यतः कळवतात. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचेच उदाहरण दिले आहे: एकच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्या हाताला गार लागू शकते. एक हात गार पाण्यात आणि दुसरा कढत नसलेल्या ऊन पाण्यात मिनिटभर बुडवून मग दोन्ही हात एकाच साध्या पाण्यात घातले, तर कोणालाही याचा पडताळा घेता येतो.

थुनबर्गने यापुढचे पाऊल टाकले. त्याने दोन नळ्यांची वेटोळी एकमेकींत गुंतवली, एकीतून कोमट आणि दुसरीतून गार पाणी खेळवले, आणि त्या जाळीवर त्वचा टेकवली. कोमट नळी एकटी असताना कोमट लागते आणि गार नळी एकटी असताना गार लागते. दोन्ही एकाच वेळी चालू असताना मात्र तीव्र, झोंबणाऱ्या उष्णतेची जाणीव होते, जी अनेकांना वेदनेसारखी असह्य वाटते. या घटनेला 'औष्णिक जाळीचा भास' किंवा 'थर्मल ग्रिल इल्युजन' असे नाव आहे. त्यात वापरली जाणारी नेहमीची तापमाने २० आणि ४० अंश ही आहेत. वैशाखातील दुपारी इंदूरची हवा ज्या अंशाला पोहोचते तेवढीच ऊब एका पट्टीत असते, आणि हिवाळी दिवसाच्या सुखद हवेएवढाच गारवा दुसरीत असतो. त्वचेला इजा होईल असे त्यात काहीही नसते.

जवळजवळ शतकभर हा भास एक विलक्षण चमत्कृती म्हणून पाठ्यपुस्तकांच्या कोपऱ्यात पडून राहिला. १९९४ मध्ये ए. डी. क्रेग आणि एम. सी. बुशनेल यांनी त्याची पद्धतशीर चिकित्सा केली. त्यांनी तयार केलेल्या जाळीत एकेक सेंटिमीटर रुंदीच्या १५ चांदीच्या पट्ट्या एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या होत्या आणि एकाआड एक पट्ट्यांचे तापमान स्वतंत्रपणे नियंत्रित करता येत होते. चांदीची निवड हौसेखातर नव्हती. सर्व धातूंमध्ये चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक आहे, त्यामुळे पट्टीवर सर्वत्र तापमान सारखे राहते आणि ते त्वचेला तत्काळ पोहोचते. सराफ्यातून आणलेल्या चांदीच्या वाटीत गरम दूध ओतले की वाटीची कड क्षणात हाताला लागते, तो हाच गुण होय.

क्रेग आणि बुशनेल यांनी मांजरांच्या मेरुरज्जूतील, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतारज्जूतील, पेशींचे संदेशही नोंदवले. तेथे त्यांना दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या वाटल्या. पहिल्या प्रकारच्या पेशी केवळ साध्या गारव्याला प्रतिसाद देतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी चटका, चिमटा आणि बोचरी थंडी या तिन्हींची खबर देतात. सर्वसाधारण गारव्यात पहिल्या पेशींचा आवाज मोठा असल्यामुळे दुसऱ्या पेशींचे म्हणणे झाकले जाते आणि माणसाला नुसते गार लागते. जाळीवर मात्र शेजारच्या कोमट पट्ट्यांमुळे पहिल्या पेशींचा जोर ओसरतो, दुसऱ्यांचा तसाच राहतो, आणि झाकण सरकल्याप्रमाणे एरवी दडलेला दाह उघडा पडतो. या उपपत्तीनुसार जाळीवरील दाह नव्याने उत्पन्न होत नसून तो थंडीच्या पोटातच असतो. बर्फाचा खडा मुठीत घट्ट धरून ठेवला तर काही वेळाने तो गार लागण्याऐवजी पोळू लागतो, आणि कडाक्याच्या थंडीत दव गोठून हरभरा गेला की माळव्यात पीक 'जळाले' असेच म्हणतात. या दोन्ही अनुभवांशी ही उपपत्ती जुळते. सर्व संशोधकांना मात्र ती पुरेशी वाटत नाही. ऊब आणि गारवा यांचे संदेश पुढे एकाच पेशीत येऊन मिळतात व त्यांच्या बेरजेतून उष्णतेची जाणीव घडते, असा दुसरा पक्ष आहे, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

भासाचे सर्वांत सुटसुटीत रूप तीन बोटांवर पाहता येते. तीन वाट्या ओळीने मांडून कडेच्या दोन वाट्यांत ४० अंशांच्या आसपासचे, म्हणजे अंघोळीला सोसेल इतकेच ऊन पाणी घ्यावे, आणि मधल्या वाटीत माठातले गार पाणी घ्यावे. मग तर्जनी व अनामिका कडेच्या वाट्यांत आणि मधले बोट मधल्या वाटीत एकाच वेळी बुडवावे. गार पाण्यात असलेले मधले बोटच अनेकांना ऊन लागू लागते, काहींना तर ते चुरचुरते. प्रत्येकाला हा अनुभव सारख्या तीव्रतेने येत नाही, काहींना केवळ विचित्र ऊब जाणवते, आणि व्यक्तीगणिक पडणारा हा फरक पुढे अभियंत्यांच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो. पाणी यापेक्षा अधिक गरम करून काहीही साधत नाही, कारण मग भासाऐवजी खराच चटका बसतो.

याच मांडणीवर लंडनमधील संशोधकांनी केलेले दोन प्रयोग विशेष बोलके आहेत. २०१० मध्ये मार्योलिन कामर्स, फ्रेडरिक द विन्यमों आणि पॅट्रिक हॅगर्ड यांना असे आढळले की दोन्ही हातांच्या बोटांत हा भास निर्माण केल्यानंतर ती बोटे एकमेकांना टेकवली, म्हणजे स्वतःच स्वतःला स्पर्श केला, तर भासमान उष्णता ६४ टक्क्यांनी उतरते. दुसऱ्याच्या हाताने तोच स्पर्श केला तर हा परिणाम दिसत नाही. चटका बसलेले बोट माणूस झटकन दुसऱ्या हातात धरतो, त्या सहज क्रियेमागे अशी यंत्रणा असू शकते. २०१५ मधील प्रयोगात बोटे एकमेकांवर चढवून त्यांची जागा बदलली असता, त्वचेवरील तापमाने तीच राहूनही, भास कमी झाला. त्वचेवर काय घडते एवढ्यावर वेदना ठरत असती तर बोटांची अदलाबदल निष्फळ ठरली असती; शरीराचा कोणता भाग अवकाशात कोठे आहे याचा मेंदूने बाळगलेला नकाशाही त्या निर्णयात भाग घेतो, हे यावरून दिसते.

क्रेग यांच्या गटाने १९९६ मध्ये मेंदूचे प्रतिमाचित्रण करून याला आणखी एक दुवा जोडला होता. कोमट आणि गार पट्ट्या वेगवेगळ्या लावल्या असता मेंदूतील अग्र सिंग्युलेट हा भाग शांत राहिला, मात्र जाळी लावताच तो खऱ्या वेदनेत होतो तसा उद्दीपित झाला. त्वचेकडून येणारे संदेश साक्षीदारांच्या जबान्यांसारखे असतात आणि मेंदू त्यांवरून पंचनामा लिहितो, अशी कल्पना केली तर औष्णिक जाळी म्हणजे दोन खरे बोलणारे साक्षीदार असूनही चुकीचा लिहिला गेलेला पंचनामा होय. वेदान्तातील रज्जुसर्पाचे उदाहरण येथे चपखल बसते: दोरीच्या जागी साप नसतोच, परंतु तो पाहून सुटलेला थरकाप मात्र खोटा म्हणता येत नाही. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही ऊतींना प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजा होताना येणाऱ्या अनुभवाबरोबरच त्याच्याशी साम्य असलेल्या अप्रिय अनुभवालाही वेदनाच म्हटले आहे.

आभासी वास्तवाच्या अभियंत्यांना या भासाचे आकर्षण वाटण्याचे कारण सुरक्षितता हे तर आहेच, पण ऊर्जा हेही आहे. हातमोज्यात किंवा मनगटावर तापमान बदलण्यासाठी सामान्यतः पेल्टिए घटक वापरतात. ज्याँ पेल्टिए याने १८३४ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या या अर्धसंवाहक चकतीत वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, व विजेची दिशा उलटवली की बाजूही उलटतात. छोट्या शीतकपाटांत हीच चकती असते. परंतु एका बाजूची उष्णता दुसरीकडे साचत जाते, ती बाहेर टाकण्यासाठी धातूची पाती आणि पंखा लागतो, वीज भराभर संपते, आणि हलका असायला हवा तो हातमोजा जड होतो. अशा वेळी ५० अंशांचा चटका देण्याऐवजी २० आणि ४० अंशांच्या पट्ट्या एकाआड एक मांडून तीच जाणीव निर्माण होत असेल, तर चकतीला फारसे श्रम पडत नाहीत आणि त्वचाही भाजत नाही.

दुसरा उपयोगी भास 'तापमानाच्या स्थलांतराचा' आहे. बॅरी ग्रीन याने १९७७ मध्ये दाखवले की कडेची दोन बोटे ऊन पृष्ठभागावर आणि मधले बोट सामान्य तापमानाच्या पृष्ठभागावर टेकवले तर मधले बोटही ऊन लागते. मेंदू शेजारच्या दोघांची ऊब मधल्याच्या नावावर मांडतो. त्यामुळे हाताच्या प्रत्येक इंचावर चकती बसवण्याची गरज उरत नाही. थोड्या ठिकाणी तापमान आणि मधल्या ठिकाणी नुसता स्पर्श एवढ्यावर काम भागू शकते. तिसरा मार्ग रसायनांचा आहे. शिकागो विद्यापीठातील जॅस ब्रुक्स, स्टीव्हन नागल्स आणि पेद्रो लोपेस यांनी २०२० मध्ये नाकापाशी कॅप्सेसिन किंवा निलगिरीतील युकॅलिप्टॉल यांचा सूक्ष्म फवारा सोडून आभासी जगातील माणसाला अनुक्रमे ऊब आणि गारवा यांचा प्रत्यय दिला. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने त्वचेवर द्रव्ये सोडणारी सिलिकॉनची पट्टी सादर केली; त्यात कॅप्सेसिन आणि मेंथॉल यांच्याबरोबर दालचिनीतील एक द्रव्य, बधिरता आणणारे लिडोकेन आणि झिणझिण्या आणणारे सॅनशूल हेही होते. सॅनशूल ज्या सेचुआन मिरीत असते ती आणि कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ ही एकाच प्रजातीतील भावंडे आहेत. रसायनांना वीज जवळपास लागत नाही, पण त्यांचा परिणाम सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो. आभासी ज्वाळेतून हात मागे घेतल्यावरही दाह रेंगाळला तर सगळा बनाव उघडा पडतो.

दृष्टीचा वाटाही यात मोठा आहे. २०१३ मधील एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना आभासी हात स्वतःचा वाटेल अशी योजना करून त्याचा रंग बदलण्यात आला. हात लालबुंद दिसत असताना उष्णतेची वेदना लवकर जाणवली, तर निळसर दिसत असताना ती उशिरा जाणवली. त्याच निरीक्षणाची उलटी बाजू रुग्णालयांत उपयोगी पडली आहे. सिएटल येथील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' हे बर्फाळ दरीचे आभासी जग तयार केले. मलमपट्टी बदलण्याच्या यातनामय वेळी रुग्ण त्या जगात हिमगोळे फेकण्यात गुंतलेला असतो आणि वेदना कमी जाणवल्याचे सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीवरील एका आभासी उपचारसंचालाही मान्यता दिली. वेदना वाढवणारी आणि उतरवणारी यंत्रणा एकच असल्यामुळे एका दिशेने मिळालेले ज्ञान दुसऱ्या दिशेला कामी येते. साध्या गार स्पर्शानेही ज्यांना दाह होतो अशा चेताविकाराच्या रुग्णांचा त्रास समजून घेण्यासाठी औष्णिक जाळी हे निरोगी माणसावर वापरता येणारे निर्धोक प्रतिमान आहे. जाळीवरील दाह मॉर्फिनने कमी होतो, ही नोंद त्या दृष्टीने मोलाची आहे. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणात धोक्याची खरी जरब बसवण्यासाठीही असा सौम्य दाह उपयोगी पडू शकेल.

इंदूरच्या संदर्भात हा विषय दूरदेशीचा राहिलेला नाही. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या ३,६६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय सायबर-भौतिक प्रणाली अभियानातून देशभर २५ केंद्रे उभारली गेली, आणि त्यांपैकी सिमरोल येथील आयआयटी इंदूरच्या 'दृष्टी' या केंद्राकडे प्रणालींचे अनुकरण, प्रतिरूपण आणि दृश्यीकरण हे क्षेत्र सोपवण्यात आले. दृश्याचे अनुकरण करणाऱ्या तंत्रज्ञानाचा पुढचा टप्पा स्पर्शाचा आणि तापमानाचा असणार, हे उघड आहे. तेव्हा त्या स्पर्शात वेदनेला जागा द्यावी काय आणि किती, हा प्रश्न येथील अभियंते व वैद्य यांच्यासमोरही येईल. मानवी सहभागाच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पूर्ण माहितीवर आधारित संमती आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क यांवर भर देतात. करमणुकीचा खेळ मात्र संशोधन नसतो आणि त्याला नीतिसमितीची परवानगी लागत नाही, म्हणून तेथे अधिक सावधगिरी हवी.

'त्वचेला काही झाले नाही, म्हणजे काहीच झाले नाही' हा युक्तिवाद या बाबतीत टिकणारा नाही, कारण औष्णिक जाळीने नेमके तेच खोटे ठरवले आहे. भास तापमानाचा आणि इजेचा असतो, सोसणाऱ्याला होणारा दाह खराच असतो. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना तपासणीत काही आढळले नाही म्हणून 'मनाचे खेळ' असे ऐकवले जाते, त्यांच्या बाजूनेही या प्रयोगांची साक्ष काढता येईल. या दोन्हींत एक मोठा फरक मात्र आहे. जाळीवरून हात उचलला की दाह विरतो, रुग्णाला आपल्या दुखण्यावरून असा हात उचलता येत नाही. म्हणून आभासी जगात वेदना देणारे जे काही उपकरण बनेल, त्यात ती तत्काळ थांबवण्याची कळ वापरणाऱ्याच्याच हाती असली पाहिजे, आणि ज्या उपकरणात ती नसेल त्याला बाजारात येऊ देऊ नये.